देवगिरी-दौलताबाद किल्ला : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

छत्रपती संभाजीनगरला घर असलं की एक काम आपोआप गळ्यात पडतं : पाहुण्यांना वेरूळ दाखवणं. आणि वेरूळच्या वाटेवर देवगिरी आहेच. गेल्या कित्येक वर्षांत मामा-मावश्या, मित्र, मित्रांची सासरची मंडळी, कुणाकुणाला घेऊन हा गड चढलोय. प्रश्न बहुधा तेच असतात, आणि मी धापा टाकत असल्यामुळे उत्तरं अर्धवट राहतात. ती इथे पूर्ण करतो.

देवगिरी आणि दौलताबाद हे दोन वेगळे किल्ले आहेत का?

नाही, एकच. यादवांचा तो देवगिरी. १३२७ साली महंमद बिन तुघलकाने राजधानी इथे आणली आणि नाव ठेवलं दौलताबाद, म्हणजे दौलतीचं, समृद्धीचं शहर. पायथ्याचं गाव आणि मनमाड मार्गावरचं रेल्वे स्टेशन आजही दौलताबादच आहे. बोलताना आमच्याकडे दोन्ही नावं चालतात. इतिहासाचा विषय निघाला की देवगिरी, रिक्षा ठरवताना दौलताबाद.

किल्ला नेमका किती जुना आहे?

राजधानी म्हणून त्याचा जन्म ११८७ च्या सुमाराचा. कल्याणीच्या चालुक्यांची सत्ता खिळखिळी झाली तेव्हा त्यांचे मांडलिक असलेले यादव स्वतंत्र झाले, आणि पाचव्या भिल्लमाने आपलं ठाणं इथे हलवलं. पुढे जैतुगी, सिंघण, कृष्ण, महादेव आणि रामचंद्र, म्हणजे आपण ज्याला रामदेवराव म्हणतो तो. सिंघणाच्या काळात राज्य सर्वांत पसरलं. ‘संगीतरत्नाकर’ लिहिणारा शार्ङ्गदेव त्याच्याच पदरी होता, हे ऐकून गाणं शिकणारे पाहुणे एकदम ताठ होतात.

मात्र आज डोळ्यांना दिसतो तो सगळा किल्ला यादवांचा नाही. यादवांनंतर खिलजी, तुघलक, बहमनी, निजामशाही, मोगल आणि हैदराबादचे निजाम अशा सगळ्यांचा हात या दगडांवरून फिरलाय. बाहेरच्या तटबंद्या बहुतेक सुलतानी काळातल्या आहेत. त्यामुळे ‘हे कोणी बांधलं?’ या प्रश्नाला इथे दर पन्नास पावलांनी वेगळं उत्तर येतं.

लांबून डोंगर कापल्यासारखा दिसतो. तो नैसर्गिक आहे का?

डोंगर नैसर्गिक, कापणी माणसाची. या गडाबद्दल एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. बाकीचे गड बांधले, हा तासला.

सपाट मैदानात एकटा उभा असलेला, सुमारे २०० मीटर उंचीचा शंकूसारखा डोंगर आहे. सह्याद्रीतल्या गडांना जसे निसर्गाचे उभे कडे मिळतात तसे याला मिळालेले नव्हते. उतार होता, आणि उतारावरून माणूस चढतो. म्हणून डोंगराचा खालचा भाग चहूबाजूंनी सुमारे ५० मीटर उंचीपर्यंत सरळ उभा तासून काढला. भिंत बांधली तर ती सुरुंगाने पाडता येते, शिडी लावून ओलांडता येते. पण डोंगरच भिंत झाला तर पाडणार काय? आणि ५० मीटरची शिडी कोण आणणार?

खंदकाजवळ उभं राहून कड्याकडे नीट बघा. ऊन तिरपं असेल तर दगडावर छिन्नीचे घाव दिसतात, आखूड, एकाशेजारी एक. हा कातळ काळा बसाल्ट आहे. त्यात वीतभर खोदायलाही घाम निघतो. इथे अख्ख्या डोंगराचं साल काढलंय. एका काकांनी कड्याला हात लावून विचारलं, “एवढा निघालेला दगड गेला कुठे?” मला आजवर विचारलेला हा सर्वांत हुशार प्रश्न. मी समोरच्या तटाकडे बोट दाखवलं. त्यातला काही तरी तिथे गेलाच असेल.

ही विद्या आली कुठून, याचं माझ्यापुरतं उत्तर पुढच्या रस्त्यावर आहे. वेरूळ इथून जवळच. तिथे राष्ट्रकूटांच्या काळात, आठव्या शतकात, कैलास लेणं डोंगरातून वरून खाली कोरून काढलं. दगड रचण्याऐवजी नको तेवढा काढून टाकायचा, ही या मुलखाची जुनी सवय आहे. देवगिरीच्या डोंगरातही कोरलेली दालनं आहेत. ज्या पंचक्रोशीतल्या पाथरवटांच्या अंगात हे मुरलेलं होतं, त्यांना डोंगर तासायला सांगणं हे फार जगावेगळं वाटलं नसणार.

कोट किती आहेत?

मुख्य तीन : अंबरकोट, महाकोट आणि कालाकोट.

अंबरकोट सर्वांत बाहेरचा, निजामशाहीचा वजीर मलिक अंबरच्या नावाचा. सगळी वस्ती पोटात घेणारा हा तट आज शेतांमधून तुटक-तुटक दिसतो. खुलदाबादकडे जाणारा रस्ता त्याच्या दरवाजातून जातो. कमान एका गाडीपुरती. समोरून एसटी आली की दोन्हीकडे रांगा लागतात. रविवारी सकाळी त्या रांगेत उभं राहिल्यावर कळतं की चारशे वर्षांपूर्वी हा दरवाजा अरुंद ठेवणाऱ्याचं काम अजून चोख चाललंय.

महाकोट म्हणजे आज आपण तिकीट काढून शिरतो तो भाग. इथले दरवाजे बघत-बघत जा. एक दरवाजा ओलांडला की समोर मोकळा रस्ता मिळत नाही, चौक मिळतो, चारी बाजूंनी उंच भिंती असलेला. पुढचा दरवाजा काटकोनात. हत्तीला दरवाजावर धडक मारायची तर आधी पळायला जागा लागते, ती इथे ठेवलेलीच नाही. शिवाय दरवाजांवर हत्तीच्या कपाळाच्या उंचीला अणकुचीदार खिळे. चौकात अडकलेल्या सैन्यावर वरून काय-काय पडत असेल ते मनातच आणावं. आता त्या चौकात आणि देवड्यांत जुन्या तोफा मांडून ठेवल्यात आणि मुलं त्यांच्यावर बसून फोटो काढतात.

कालाकोट आतला. चिनी महाल आणि निजामशाही महालांचे अवशेष त्यात आहेत. त्याच्या पुढे खंदक आणि मग खरा गड.

खंदकावरच्या पुलाची काय गंमत आहे?

खंदक म्हणजे मातीत खणलेला चर नाही, तोही कातळात कोरलेला. त्याची आतली बाजू आणि तासलेला कडा एकच. वर जायला एवढीच एक जागा, दुसरी वाट नाही.

जुना पूल मुद्दाम खोलात ठेवलाय. दोन्ही टोकांना पायऱ्या उतरून मधल्या सखल भागावर यायचं. खंदकात पाण्याची पातळी राखायला बांध घातलेले आहेत. पाणी चढवलं की पूल पाण्याखाली. उचलायच्या पुलाला साखळ्या, चाकं, माणसं लागतात. इथे पाणीच दरवाजाचं काम करतं.

चौदाव्या शतकात मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता इथे आला होता. तो लिहितो की गडावर चामड्याच्या शिडीने जावं लागतं आणि रात्री ती वर ओढून घेतात. शहराचे त्याने तीन भाग सांगितलेत : सुलतानाचं दौलताबाद, दुसरं कटक आणि तिसरा बालेकिल्ला, ज्याला तो ‘दुवैगीर’ म्हणतो. देवगिरीचा तो उच्चार वाचून मला दर वेळी हसू येतं. त्याच बालेकिल्ल्यातल्या अंधारकोठड्यांमध्ये मांजरापेक्षा मोठे उंदीर आहेत आणि त्यांना बघून मांजरंच पळतात, असंही त्याने लिहून ठेवलंय. सोबत लहान मुलं असतील तर हे अंधारीत, म्हणजे पुढच्या काळोख्या बोगद्यात, शिरण्याआधी सांगू नका. मी एकदा सांगितलं होतं.

अंधारी म्हणजे काय? गाईड सांगतात ते सगळं खरं आहे का?

अंधारी म्हणजे खंदक ओलांडल्यावर डोंगराच्या पोटातून वर जाणारा कोरीव बोगदा. वळणावळणाचा, काळाकुट्ट, पायऱ्या लहान-मोठ्या. हे लहान-मोठं असणंही कामाचं : डोळ्यांना दिसत नाही आणि पायाला अंदाज येत नाही. वरच्या तोंडावर लोखंडी झाकण टाकून तिथे आग पेटवायची सोय होती. आग वर, धूर खाली, आणि बोगद्यातल्या माणसाला पुढेही जाता येत नाही, मागेही फिरता येत नाही. एवढं पक्कं.

बाकीचं गाईडच्या आवाजावर अवलंबून. उकळतं तेल, उजेडाची खिडकी बघून शत्रू तिकडे धावतो आणि थेट खंदकातल्या मगरींच्या तोंडात पडतो, अंधारात आपलीच माणसं एकमेकांना कापतात… बोगद्यातल्या फाट्यांची रचना बघता यातलं काही अशक्य नाही. मगरींची संख्या मात्र दर वर्षी वाढते, असं माझं निरीक्षण आहे. पण चांगला गाईड जरूर घ्या. अंधारीच्या मध्यावर तो पलिता विझवतो आणि दोन क्षण काही बोलत नाही. त्या दोन क्षणांसाठी पैसे वसूल.

एकदा मीच शहाणपणा करून गाईडशिवाय शिरलो होतो, मोबाइलच्या उजेडावर. चौदा टक्के बॅटरी मध्येच संपली. भिंतीला हात लावला तर भिंत ओली आणि थंड, आणि डोक्यावर वटवाघळांची चिरचिर. पुढची पायरी गुडघ्याएवढी उंच निघाली आणि मी नडगी फोडून घेतली. शत्रूसाठी केलेली योजना सातशे-आठशे वर्षांनी माझ्यावर यशस्वी झाली. वटवाघळांचा वास उग्र असतो. नाकाला रुमाल लावा आणि आपली विजेरी आणा.

गड एवढा बेलाग, मग रामदेवराव हरला कसा?

धान्यामुळे. आणि त्याआधी गाफीलपणामुळे.

१२९६ चा फेब्रुवारी. अल्लाउद्दीन खिलजी तेव्हा सुलतान नव्हता, उत्तरेत गंगेकाठच्या कडा नावाच्या प्रांताचा सुभेदार होता. चुलत्याला, म्हणजे सुलतान जलालुद्दीनला, पत्ता लागू न देता तो सात-आठ हजार घोडेस्वार घेऊन विंध्य ओलांडून आला. वाटेत उठवून दिलं की आपण दिल्लीवर रुसलेले सरदार आहोत, राजमहेंद्रीकडे चाकरी शोधायला निघालोय. यादवांची मुख्य फौज युवराज शंकरदेवाबरोबर बाहेर गेलेली. रामदेवरावाला कळलं तेव्हा शत्रू दारात होता. त्याने हाताशी होती ती माणसं घेऊन थोडा प्रतिकार केला आणि गडाची दारं लावून घेतली. खाली शहर लुटलं जाऊ लागलं. शिवाय अल्लाउद्दीनने दुसरी आवई उठवली : ही नुसती आघाडी आहे, मागून दिल्लीची वीस हजारांची फौज येतेय.

शंकरदेव परतला, लढलाही, आणि एका टप्प्यावर पारडं त्याच्याकडे झुकलं होतं. तेव्हा मागे ठेवलेली तुकडी धूळ उडवत आली आणि यादवांना वाटलं हीच ती दिल्लीची फौज.

आता गडावरची गोष्ट. फरिश्ता हा इतिहासकार लिहितो की वेढा पडताना घाईघाईत गोण्या गडावर चढवल्या, धान्याच्या समजून. कोकणातून आलेल्या व्यापाऱ्यांच्या होत्या. उघडल्या तर मीठ! फरिश्ता घटनेनंतर तीनशे वर्षांनी लिहितोय, तेव्हा तेवढ्या सावधपणे ही गोष्ट घ्या. पण गडावर शिधा नव्हता आणि तह करावा लागला, यात वाद नाही. अमाप सोनं, मोती गेले, अचलपूर भागाचा वसूल द्यायचं ठरलं. त्याच पैशाच्या जोरावर अल्लाउद्दीनने चुलत्याला मारून दिल्लीचं तख्त घेतलं.

कडा तासणाऱ्यांनी डोंगराचं साल काढलं, खंदक कोरला, बोगद्यात धुराची सोय केली. कोठारातल्या गोणीला बोट लावून बघायचं तेवढं कुणी केलं नाही.

याच्या सहाच वर्षं आधी, १२९० ला, नेवाशात ज्ञानेश्वरी पूर्ण झाली होती. तिच्या शेवटी ज्ञानदेव न्यायाने राज्य करणाऱ्या यदुवंशातल्या श्रीरामचंद्राचा उल्लेख करतात. तो हाच रामदेवराव. आणि ज्ञानदेवांनी आळंदीला समाधी घेतली तेही १२९६ मध्ये. ज्या राजाच्या सुरक्षित राज्यात ती पोथी लिहिली गेली, त्याचा गड आणि पोथी सांगणारा, दोघांचं एकच वर्ष.

त्यानंतर यादवांचं काय झालं?

खंडणी थांबली म्हणून मलिक काफूर आला, रामदेवरावाला दिल्लीला नेलं. तिथे त्याचा मान राखला, ‘रायरायान’ किताब देऊन परत पाठवलं. तो गेल्यावर शंकरदेवाने पुन्हा बंड केलं आणि मारला गेला. रामदेवरावाचा जावई हरपाळदेव शेवटी उठला. त्याला मुबारक खिलजीने अत्यंत क्रूरपणे मारलं आणि १३१८ पर्यंत देवगिरी दिल्लीच्या राज्यात गेली.

हेमाडपंत याच गडावरचा का?

हो. हेमाद्री हा महादेव आणि रामदेवराव यांच्या दरबारातला श्रीकरणाधिप, म्हणजे राजाच्या दप्तराचा प्रमुख. धर्मशास्त्रावरचा ‘चतुर्वर्गचिंतामणी’ हा मोठा ग्रंथ त्याचा, आणि त्यातल्या प्रशस्तीत यादवांची वंशावळ येते. चुना न वापरता दगडात दगड अडकवून बांधलेलं प्रत्येक देऊळ आपण हेमाडपंती म्हणतो. त्यातली कित्येक त्याच्या आधीची आहेत. नाव चिकटलं ते चिकटलं.

भारतमाता मंदिर आधी मशीद होती ना? की त्याआधी देऊळ?

तिन्ही. हा प्रश्न लोक आवाज खाली आणून विचारतात, तसं करायची गरज नाही, दगड सगळं उघड बोलतात. मुबारक खिलजीच्या काळात, १३१८ च्या सुमारास, इथे जामा मशीद उभी राहिली. तिच्यातले शंभराहून जास्त खांब जुन्या देवळांचे आहेत, कोरीवकाम बघताक्षणी ओळखू येतं. हैदराबाद संस्थान १९४८ ला भारतात आलं, तेव्हा तिथे भारतमातेची मूर्ती बसवली. मूर्तीपेक्षाही मी लोकांना समोरचं प्रचंड अंगण आणि खांबांच्या रांगा बघायला सांगतो. दुपारी सावल्या एकाच दिशेला पडतात तेव्हा तर बघतच राहावं.

तुघलकाने खरंच सगळी दिल्ली उचलून इथे आणली?

सगळी नाही. दरबारी, अधिकारी, उलेमा, सूफी, त्यांची कुटुंबं अशी वरच्या थरातली माणसं आणली. तरी सक्ती होतीच. इसामी नावाचा कवी त्या लोकांमध्ये होता. त्याचे नव्वदीचे आजोबा दिल्लीतून निघाले आणि पहिल्याच मुक्कामांत वारले. ‘तुघलकी कारभार’ हा शब्द आपण वीज कंपनीपासून सोसायटीच्या सेक्रेटरीपर्यंत सर्वांना लावतो, त्याचं मूळ काही अंशी या रस्त्यावर आहे.

विचार अगदीच वेडगळ नव्हता, राज्य दक्षिणेकडे वाढत होतं आणि देवगिरी मध्यावर पडत होती. पण दिल्ली सुटली नाही, काही वर्षांत दरबार परत गेला. सगळी माणसं मात्र परतली नाहीत. जवळच्या खुलदाबादला सूफींची मोठी परंपरा रुजली, दक्खनी बोली घडायला हातभार लागला. आणि १३४७ मध्ये इथल्याच नाराज सरदारांनी दिल्लीला झुगारलं, हसन बहमनशाहाचा राज्याभिषेक दौलताबादेत झाला आणि बहमनी राज्य सुरू झालं. राजधानी पुढे गुलबर्ग्याला गेली.

चांद मिनार चढता येतो का?

आत सोडत नाहीत. बाहेरून बघा. बहमनी सुलतान अल्लाउद्दीन अहमदशाहाच्या वेळचा, पंधराव्या शतकातला, चार मजली. कधीकाळी चकचकीत इराणी फरश्या होत्या त्याच्यावर. गड काळा, जमिनीला धरून बसलेला, आणि हा एकटाच नाजूक, उंच. मला तो इथला वाटत नाही, पण फोटोत तोच सर्वांत चांगला येतो.

चिनी महालात कोण कैद होतं?

गोवळकोंड्याचा शेवटचा कुतुबशाह, अबुल हसन तानाशाह. औरंगजेबाने १६८७ मध्ये गोवळकोंडा घेतला आणि त्याला इथे आणून ठेवलं. मरेपर्यंत, म्हणजे बारा-तेरा वर्षं, तो इथेच होता. चिनी हे नाव भिंतीवरच्या निळ्या-पांढऱ्या चिनीमातीच्या फरशांवरून पडलं. त्यांचे थोडेसे तुकडे अजून जागेवर आहेत, मान वर करून शोधावे लागतात. तानाशाहाची कबर खुलदाबादला, आणि औरंगजेबाचीही खुलदाबादलाच.

मेंढा तोफ म्हणजे काय?

चिनी महालाजवळच्या बुरुजावरची मोठी पंचधातूची तोफ. तिच्या मागच्या टोकाला मेंढ्याचं डोकं घडवलंय, शिंगांची वळी अगदी हात फिरवावासा वाटेल अशी. किताबी नाव ‘किला शिकन’, म्हणजे किल्ले फोडणारी. लेखात औरंगजेबाचं आणि ती ओतणाऱ्या महंमद हुसेन अरबचं नाव आहे. खुंटावर बसवलेली असल्याने ती फिरवता येत असे. वरच्या बुरुजांवर आणखी तोफा आहेत, कालापहाड आणि दुर्गा. त्या एवढ्या वर कशा चढवल्या, हे अंधारीतून स्वतःचं शरीर वर आणल्यावर विचारायची इच्छा राहत नाही.

गडावर पाणी कुठून येत असे?

खालच्या शहराला डोंगरांतल्या तलावांतून खापरी नळांनी पाणी आणलेलं होतं. हत्ती हौद आणि सरस्वती बारव वाटेवरच आहेत, आणि पाहुणे दोन्ही न बघता पुढे धावतात. हत्ती हौदाच्या काठावर जरा थांबा. नाव हत्ती पाणी पिण्यावरून पडलं की आकारावरून, यावर आमच्या घरात दोन पक्ष आहेत.

शिवाजी महाराज या गडावर आले होते का? हा गड स्वराज्यात होता का?

स्वराज्यात नव्हता. महाराजांच्या काळात तो मोगलांकडे होता. पण भोसले आणि जाधव घराण्यांचा इथला संबंध जवळचा आणि एका ठिकाणी फार कडवट आहे. भोसले वेरूळचे, गडापासून अर्ध्या तासाच्या वाटेवरचे. आणि जिजाऊंचे वडील लखुजी जाधवराव यांना, मुलांसह, १६२९ साली याच किल्ल्यात निजामशाही दरबारात दगा करून मारलं. मुजऱ्याला आलेल्या निःशस्त्र माणसांना. शिवाजी महाराजांच्या जन्माआधी वर्षही नव्हतं उरलं.

महाराजांना हा गड ठाऊक होता याची खूण सभासदाच्या बखरीत आहे. रायगड राजधानीसाठी निवडताना तुलना होते ती दौलताबादशी : तोही चखोट गड खरा, पण उंचीने थोडका, रायगड त्याच्या दशगुणी उंच. ‘गड’ म्हटल्यावर मापाला घ्यायचा तो दौलताबाद, एवढी त्याची ख्याती होती. पुढे १७६० च्या उदगीरच्या तहात तो मराठ्यांकडे आला, पण टिकला नाही, निजामाकडे परत गेला.

मोगलांनी तो कसा घेतला?

१६३३ मध्ये, शहाजहानच्या काळात. मलिक अंबर १६२६ ला वारला होता, त्याचा मुलगा फतेखान आत होता. महाबतखानाने वेढा घातला, सुरुंग लावून बाहेरचे कोट एकामागून एक पाडले. बांधलेल्या भिंती पडल्या, तासलेला कडा जागच्या जागी. आदिलशाही फौजा बाहेरून मदतीला होत्या, शहाजीराजे त्या बाजूला. वेढ्यातून धान्य आत पोचवायचे प्रयत्न झाले, फसले. उपासमार सुरू झाली आणि जूनमध्ये फतेखानाने किल्ल्या दिल्या, मोबदला घेऊन. ३३७ वर्षांनी पुन्हा तेच : कोठार रिकामं. तीन वर्षांनी शहाजहान स्वतः आला. वरची बारादरी, म्हणजे माथ्याकडचा कमानींचा महाल, त्याच्या वेळची.

जनार्दनस्वामींचं स्थान कुठे आहे?

माथ्याजवळ. जनार्दनस्वामी (१५०४–१५७५) निजामशाहीत या गडाचे किल्लेदार होते आणि दत्तभक्त होते. पैठणचे नाथ लहान वयात गुरू शोधत इथेच आले आणि इथेच शिकले. हिशेबातली एका पैची चूक शोधत रात्र जागवणारे एकनाथ, ही आपण शाळेत ऐकलेली गोष्ट याच गडावर घडली असं मानतात. गुरुवारी स्वामी उपासनेत असत म्हणून मुसलमान सुलतानाच्या गडाला गुरुवारची सुट्टी असे, असंही सांगतात. नाथषष्ठीच्या सुमारास गेलात तर वारकरी भेटतील, अनवाणी. माझ्या बूट-काठी-पाण्याची बाटली या सरंजामाकडे बघून एका आजींनी “दमलात का हो?” असं विचारलं होतं. आजी तेव्हा उतरत होत्या.

चढायला किती वेळ लागतो? म्हाताऱ्या माणसांना जमेल का?

साडेसातशेच्या आसपास पायऱ्या आहेत असं म्हणतात. मी तीनदा मोजायला घेतल्या आणि तिन्ही वेळा अंधारीत आकडा हरवला. रमतगमत चढून-उतरून तीन तास धरा. अंधारीतून बाहेर आलं की गणपतीचं छोटं देऊळ लागतं, तिथे सगळेच टेकतात. गुडघे कुरकुरत असतील तर चिनी महाल आणि मेंढा तोफेपर्यंत जा. किल्ल्याची निम्मी मजा तिथवर आहे आणि खंदकाचा कडा समोर दिसतो. उन्हाळ्यात दुपारी बारादरीला जायच्या फंदात पडू नका, काळा दगड तव्यासारखा तापतो. श्रावणात गड हिरवा होतो, पायऱ्या मात्र निसरड्या. माकडं बारा महिने, पिशवीत केळी ठेवू नका.

खाली आल्यावर काय खावं?

दिवाळीच्या आसपास गेलात तर सीताफळं. गडाखाली रस्त्याच्या कडेला बायका टोपल्या घेऊन बसतात. डोळे उघडलेलं, म्हणजे खवल्यांमध्ये पिवळसर फट पडलेलं फळ घ्या, नाहीतर दोन दिवस पेंढ्यात ठेवायला लागतं. इब्न बतूताने इथल्या द्राक्षांची आणि डाळिंबांची तारीफ केलीय. सीताफळ त्याच्या नशिबात नव्हतं, ते पोर्तुगीजांबरोबर नंतर आलं. भाव करताना फार ताणू नका. मावशी शेवटी एक जास्तीचं टाकतात, ते मात्र गाडीतच खावं लागतं, घरापर्यंत टिकत नाही.